मामा मडगावला, भाची मोरजीला

आमच्या लहानपणी लग्न म्हणजे फार तर बाजूच्या गल्लीतला हॉल. केबिन रोडवरून चालत निघायचं, पंगत उठवायची आणि रात्री आपल्या अंथरुणात झोपायचं. आता पत्रिका व्हॉट्सॲपवर येते आणि लग्न असतं समुद्रकिनारी, पाचशे-सहाशे किलोमीटरवर. त्याला म्हणे डेस्टिनेशन वेडिंग!

खरं तर यात नवीन काय? एसटी भरून वऱ्हाड जायचं, जानवसघरात उतरायचं, तेही परगावचंच लग्न. लक्ष्मण देशपांड्यांनी 1979 साली ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ रंगमंचावर आणलं, तेव्हा सगळा महाराष्ट्र हसला. फरक एवढाच की तेव्हा वऱ्हाडाची काळजी यजमान करायचा. आता वऱ्हाडी स्वतःच स्वतःची करतो.

गेल्या डिसेंबरात माझ्या भाचीचं लग्न गोव्यात, मोरजीला झालं. मी सख्खा मामा. भाचीला बोहल्यावर आणायचा मान माझा. आणि मी काय केलं? ‘गोवा म्हणजे मडगाव’ या जुन्या सवयीनं मडगावचं तिकीट काढलं, तेही आदल्या रात्रीच्या गाडीचं. सकाळी थिवी स्टेशन आलं तेव्हा मी खिडकीतून छान हिरवळ बघत होतो. मोरजी त्याच बाजूला, हे मला मडगावला उतरून बहिणीला फोन केल्यावर कळलं! मग टॅक्सी. झुआरीचा पूल गेला, मांडवीचा गेला, मी घड्याळ बघतोय. मुहूर्त 12 वाजून 17 मिनिटांचा. पोचलो तेव्हा गुरुजी माइकवर पुकारत होते, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं..." प्रवासात चुरगळलेल्या शर्टातच भाचीचा हात धरला. सगळ्या फोटोंत तो शर्ट आहे. असो.

तर अनुभवाचे चार बोल. पत्रिकेतल्या गोवा या शब्दावर जाऊ नका, गाव विचारा. उत्तरेकडच्या लग्नाला थिवी बरं, दक्षिणेकडच्याला मडगाव. विमानतळही आता दोन आहेत, दाबोळी आणि 2023 पासून मोपा. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून 120 नव्हे, 60 दिवस आधी उघडतं. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. आपल्या भाईंदरकरांनी दादर-ठाण्याला सामान ओढत जायच्या आधी बांद्रा-मडगाव गाडी बघावी. 2024 पासून आठवड्यातून दोनदा सुटते, बोरिवलीला आणि वसईला थांबते. आणि मुहूर्ताच्या आदल्या दिवशीच पोचा.

खोलीचं भाडं कोण देणार, हे आधीच विचारा. विचारायला लाज वाटते, पण काउंटरवर उभं राहून कळलं तर जास्त वाटते. जेवढी नावं कळवली तेवढीच माणसं न्या, शेजारच्या बंड्याला ‘चल रे, गोवा बघशील’ म्हणून नेऊ नका. मिक्सर-कुकरचे खोके नेऊ नका, पाकीट द्या. वाळूत उंच टाचा रुततात. रोजची औषधं हातातल्या पिशवीत ठेवा.

पण खरं सांगायचं ते वेगळंच आहे.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक काकू आहेत. बहीण नोकरीला जायची तेव्हा भाचीला सहा वर्षं त्यांनीच सांभाळलं. वरणभात भरवला, शाळेच्या बसपर्यंत सोडलं. त्यांना आमंत्रण अगदी आग्रहाचं होतं. त्या म्हणाल्या, "नको रे बाबा, गुडघे दुखतात." आम्ही मान डोलावली. पुढच्या आठवड्यात त्या मला भाजी घेऊन स्टेशनकडून चालत येताना दिसल्या. नेहमीसारख्याच, दोन्ही हातांत पिशव्या.

परत आल्यावर त्यांनी सगळे फोटो पाहिले. एकेक, सावकाश. मग म्हणाल्या, "चांगली साडी नव्हती रे तिथे मिरवायला. आणि तिकिटाचं तुम्हाला कसं सांगणार?"

मला काही बोलता आलं नाही. माझ्या चुरगळलेल्या शर्टाची गंमत मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो. पण त्या लग्नातली खरी चूक ती नव्हतीच.

म्हणून पाहुण्यांना माझा शेवटचा सल्ला हा, की जमत नसेल तर जमत नाही म्हणा, आणि लवकर म्हणा. परवडत नाही हे सांगण्यात कमीपणा नाही. त्यासाठी गुडघ्यांना बदनाम करू नका. आणि यजमानांनो, आमंत्रण देताना समोरच्याच्या खिशाचाही विचार करा. ज्यांच्याशिवाय लग्न अपुरं, त्यांचं तिकीट आपणच काढून हातात द्यावं. तेही जमणार नसेल तर ग्रहमख तरी राहत्या घरी करा, म्हणजे मुलीला वाढवणाऱ्या हातांना तिच्या डोक्यावर अक्षता टाकता येतील.

धाकट्या भाचीचं लग्न ठरतंय. कुठे होईल माहीत नाही. पण काकूंचं तिकीट मी काढणार आहे. आणि या वेळी स्टेशनचं नाव दोनदा विचारून!