कुलपातले ग्रंथालय आणि वेठीचा शिक्षक

१० ते १२ जानेवारी २०२० या तीन दिवसांत उस्मानाबादेत ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. संत गोरोबांच्या तेरचा वारसा सांगणाऱ्या जिल्ह्यात ग्रंथदिंडी निघाली, पालखीत ग्रंथ विराजमान झाले, व्यासपीठावरून वाचनसंस्कृतीचे गोडवे गाइले गेले. चौथ्या दिवशी मांडव सुटला. विद्यार्थी आणि शिक्षक आपापल्या शाळांत परतले तेव्हा तेथील पुस्तकांच्या कपाटाचे कुलूप जिथल्या तिथे होते. पुढे २०२३ साली जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. सरकारी कचेऱ्यांवरील पाट्या बदलल्या. कपाटाचे कुलूप मात्र कोणाला आठवले नाही.

हा निष्काळजीपणाचा प्रकार आहे असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. शाळेतील ग्रंथालय ही सरकारची मेहेरबानी नाही, कायद्याने घातलेले बंधन आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, नियतकालिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे स्पष्ट नमूद आहे. हे निकष पुरे करण्यास कायद्याने तीन वर्षांची मुदत दिली होती. ती मार्च २०१३ मध्ये संपली. एखाद्या शेतकऱ्याने कर्जाचा हप्ता थकवला तर बँकेची नोटीस त्याच्या दारावर चिकटते. सरकारने मुलांचे देणे थकवले, त्याची नोटीस कोणी कोणाच्या दारावर चिकटवायची?

परंडा, भूम, वाशी, कळंब, तुळजापूर, लोहारा, उमरगा आणि धाराशिव अशा आठ तालुक्यांचा हा जिल्हा २०१८ साली केंद्र सरकारने 'आकांक्षित' ठरवला. त्या कार्यक्रमात शिक्षणाला शंभरपैकी तीस गुण आहेत. मुलींचे शौचालय, पिण्याचे पाणी, वीज, पाठ्यपुस्तके वेळेवर मिळणे या गोष्टी त्या तक्त्यात मोजल्या जातात. त्या मोजल्याच पाहिजेत. परंतु ग्रंथालयाचा रकाना तेथे नाही, आणि जे मोजले जात नाही त्याची चौकशीही होत नाही.

आता पैशाकडे पाहावे. समग्र शिक्षा अभियानातून प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयाला वर्षाला कमाल ५ हजार रुपये आणि बारावीपर्यंतच्या शाळेला कमाल २० हजार रुपये मिळू शकतात. कायदा वर्तमानपत्र मागतो. रोजचे पाच रुपये धरले तरी एका दैनिकाला वर्षाला अठराशे रुपये लागतात. उरलेल्या बत्तीसशे रुपयांत शंभर रुपयांचे एक याप्रमाणे बत्तीस पुस्तके येतील. त्यांत मुलांची गोष्टींची पुस्तके, शिक्षकाला लागणारे शब्दकोश, नकाशे, विज्ञानाची व इतिहासाची संदर्भपुस्तके हे सारे बसवायचे! शिवाय जी पुस्तके येतात त्यांची निवडही वर्गात उभा राहणारा शिक्षक करीत नाही. २०१८ साली अवांतर वाचनाच्या पुस्तकांच्या राज्यपातळीवरील खरेदीवरून गदारोळ झाला, तो पंतप्रधानांवरील पुस्तकांच्या लाखावर प्रती घेतल्यामुळे. वाचक गावात, निवडणारा मुंबईत आणि स्तुती दिल्लीची, असा हा व्यवहार आहे.

आलेले पुस्तक तरी मुलाच्या हाती पडते काय? शाळेत पुस्तक दाखल होते तेव्हा त्याची नोंद होते, शिक्का बसतो आणि टेबल-खुर्च्यांप्रमाणे तेही तपासणीच्या वेळी मोजून दाखवायची वस्तू बनते. पुस्तक हरवले किंवा फाटले तर उत्तर शिक्षकाने द्यायचे. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत ग्रंथपालाचे पदच नाही. दोन शिक्षकांच्या शाळेत एकाने चार वर्ग सांभाळावेत, पोषण आहाराचा हिशेब ठेवावा, आणि वर ग्रंथालयही चालवावे अशी अपेक्षा असते. मग तो कपाटाला कुलूप लावून किल्ली खिशात ठेवतो. त्याला दोष देण्यापूर्वी, पुस्तकाच्या झिजेला गुन्हा ठरवणारी पद्धत कोणी घातली, हे विचारले पाहिजे. ज्या ग्रंथालयातील पुस्तके कधी फाटत नाहीत ते ग्रंथालय मेलेले असते.

येथे सरकारचे वकील पुढे येतात आणि म्हणतात, की युग बदलले, पुस्तकांचा हट्ट कशाला? आता साऱ्या जगाचे ज्ञान एका पडद्यावर उपलब्ध आहे. ठीक आहे, तर मग या पडद्याचाही हिशेब मांडू या. जून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला आणि शाळा 'डिजिटल' करण्याची शर्यत लागली. त्यासाठी लागणारा पैसा प्रामुख्याने लोकवर्गणीतून उभारावा असे ठरले. ही मराठवाड्यातील भीषण दुष्काळाची वर्षे होती. शेजारच्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच काळात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांतून प्रोजेक्टरसाठी वर्गणी गोळा झाली, शिक्षकांनी पदरचे पैसे घातले, आणि डिजिटल शाळांच्या संख्येचे श्रेय मात्र मंत्रालयाने घेतले. पुढे वीजबिल भरायला तरतूद नाही म्हणून जोडणी तुटली की तो पडदा भिंतीवरची शोभा उरतो.

माध्यमिक शाळांची कथा निराळी नाही. संगणक प्रयोगशाळांच्या योजनेत राज्यातील ८ हजार शाळा तीन टप्प्यांत घेण्यात आल्या. काम खाजगी कंपन्यांकडे, मुदत पाच वर्षांची, संगणक शिक्षक कंत्राटी. करार संपला, कंपनी नफा घेऊन गेली, शिक्षक घरी बसला आणि शाळेच्या वाट्याला जुनी यंत्रे आली. ज्ञानाची साधनेही ठेकेदारीच्या चरकातून पिळून काढण्याची ही रीत आहे.

या जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत, रणजितसिंह डिसले या शिक्षकाने पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. सामान्य शाळेतील शिक्षकाला अवकाश मिळाला तर तो काय करू शकतो, याचे ते उदाहरण आहे. राज्यकर्त्यांनी त्यातून काय घेतले? कोड घेतला, तो सर्व पाठ्यपुस्तकांवर छापला. तो उघडण्यासाठी लागणारे यंत्र, वीज आणि जोडणी मात्र शिक्षकाच्या व पालकाच्या खिशावर सोडून दिली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाइलवर सुरू असल्याचे जाहीर झाले, तेव्हा ज्या घरात मोबाइल एकच आणि तोही बापाबरोबर कामावर जाणारा, त्या घरातील मूल शाळेतून न काढताच शाळेबाहेर गेले.

आणि शिक्षकाला या तंत्रज्ञानाने काय दिले? सरल, शालार्थ, यू-डायस, दीक्षा अशी नावे वाढत गेली. बहुतेकांचे काम एकच, शिक्षकाकडून माहिती घेणे. पट किती, उपस्थिती किती, ताटे किती, छायाचित्र कुठे? स्वतःच्या पैशाने घेतलेल्या मोबाइलवर, स्वतःच्या रिचार्जने, वर्गाचा वेळ मोडून तो ही माहिती वर पाठवतो. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका वगळता अशैक्षणिक कामांना मनाई केली आहे; पण कारकुनी 'शैक्षणिक' नावाने आली की कलम गप्प बसते. या माहितीची राखण तरी नीट होते काय? दीक्षाच्या साठ्यातील दहा लाखांवर शिक्षकांची नावे, दूरध्वनी क्रमांक व ईमेल पत्ते असुरक्षित पडून असल्याचे जानेवारी २०२३ मध्ये उघडकीस आले. साधन शिक्षकाच्या हाती असते तेव्हा ते विद्येचे साधन होते. येथे शिक्षकच यंत्रणेच्या हातचे साधन झाला आहे.

समाजवादी विचाराला यंत्राचे वावडे नाही. प्रश्न मालकीचा आहे. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक आज महाजालावर मोफत वाचता येतात. जनतेच्या पैशाने उभारलेली, सर्वांना खुली अशी ही ठेव आहे, आणि भूमच्या शाळेत पडदा व वीज असेल तर तेथील शिक्षक उद्या सकाळी त्यातली गोष्ट वर्गाला वाचून दाखवू शकेल. केरळात शाळांचे संगणक मुक्त प्रणालीवर चालतात आणि शिक्षकांचे प्रशिक्षण सरकारी संस्था करते. त्याच केरळात १९४५ पासून पी. एन. पणिक्कर यांच्या पुढाकाराने गावोगावच्या ग्रंथालयांचा संघ उभा राहिला होता. तेथे पडद्यासाठी पुस्तकाचा बळी द्यावा लागला नाही. आपल्याकडे १ फेब्रुवारी २०२३ च्या अर्थसंकल्पात मुलांसाठी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय घोषित झाले, आणि पंचायतीतील विटामातीचे ग्रंथालय राज्यांना 'प्रोत्साहन' देऊन मोकळे सोडले गेले.

या साऱ्याची झळ सर्वांना सारखी लागत नाही. शहरातील सुखवस्तू घरात पुस्तकेही असतात आणि पडदाही. दिवाळीनंतर आईबापांबरोबर उसाच्या फडावर जाणारे वाशी-कळंबकडचे मूल खोपीत कोड उघडू शकत नाही. पण दप्तरात टाकून दिलेली चार पुस्तके त्याच्याबरोबर जाऊ शकतात. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. मोठ्या शाळेत ग्रंथालय मिळेल, हे त्याचे एक समर्थन. म्हणजे आधी लहान शाळेला पुस्तक द्यायचे नाही आणि मग पुस्तक नाही म्हणून ती शाळाच मोडायची! महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सांगितले होते, की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गासाठी होतो. त्या निवेदनाला उत्तर देण्याची पाळी आजच्या सरकारवरही आहे.

या जिल्ह्याला स्वतःचाही इतिहास आहे. निजामी राजवटीत सभेला परवानगी लागे, तेव्हा शाळा आणि वाचनालये हीच जागृतीची ठाणी होती. आजच्या लोहारा तालुक्यातील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत स्वामी रामानंद तीर्थ आणि बाबासाहेब परांजपे शिक्षक होते. वाचणारा आणि विचार करणारा शिक्षक राजवटीला किती महाग पडतो, हे हैदराबादच्या मुक्तिलढ्याने दाखवून दिले. माहिती भरण्यात गुंतलेला शिक्षक मात्र कोणत्याही सत्तेला सोयीचा असतो.

म्हणून पुढील मागण्यांवर तडजोड होता कामा नये. प्रत्येक केंद्रशाळेत पूर्णवेळ ग्रंथपाल नेमून त्याच्याकडून केंद्रातील सर्व शाळांत पुस्तकपेट्या फिरत्या ठेवाव्यात. पुस्तकांची निवड केंद्रातील शिक्षकांनी करावी. झिजलेली व हरवलेली पुस्तके खर्ची टाकण्याची तरतूद करून शिक्षकाला वसुलीच्या भयातून सोडवावे. शाळेचे वीजबिल व जोडणी सरकारने भरावी, आणि माहिती हवी असेल तर तिच्यासाठी यंत्र व कारकून द्यावा.

याबाबत चळवळीनेही स्वतःकडे पाहणे इष्ट. शिक्षक संघटनांच्या मागणीपत्रांत वेतन, बदली आणि निवृत्तिवेतन यांना जे स्थान असते ते ग्रंथालयाला क्वचितच मिळाले. पहिल्या तिन्ही मागण्या न्याय्यच आहेत, परंतु चौथी त्यांना जोडली तरच गावातला पालक शिक्षकाच्या बाजूने उभा राहील. येत्या १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन शाळोशाळी साजरा होईल, छायाचित्रे वर पाठवली जातील. त्या दिवशी पक्षाच्या कार्यकर्त्यांनी पालकांना घेऊन गावातील शाळेत जावे, शाळा व्यवस्थापन समितीसमोर कपाट उघडावयास लावावे, पुस्तके मोजावीत, गेल्या वर्षात किती मुलांनी ती घरी नेली हे विचारावे, आणि आलेले उत्तर ठरावाच्या रूपाने जिल्हा परिषदेत नेऊन द्यावे. आठही तालुक्यांतून असे ठराव आले, तर ग्रंथालयाचा रकाना सरकारला आपल्या तक्त्यात घालावाच लागेल.