वऱ्हाडचा ध्वज : चिन्ह कोणाचे?

स्वतंत्र विदर्भाची चर्चा निघाली की प्रादेशिक ध्वजाचा विषयही मागोमाग येतो. राज्याला स्वतःचा ध्वज असावा, ही इच्छा संविधानविरोधी नाही. जम्मू-काश्मीरला १९५२ पासून २०१९ पर्यंत असा ध्वज होता. कर्नाटक शासनाने २०१८ मध्ये गंडभेरुंडाचे चिन्ह असलेल्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल ध्वजाचा प्रस्ताव मान्य करून केंद्राकडे पाठविला. तेव्हा ध्वज असावा की नसावा यापेक्षा त्यावर कोणाचे चिन्ह असावे, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

वऱ्हाडचा इतिहास याबाबत बोलका आहे. १८५३ च्या तहाने निजामाने हा प्रदेश इंग्रजांच्या स्वाधीन केला. १९०२ मध्ये वार्षिक २५ लाख रुपये खंडाने तो त्यांना कायमचा लावून देण्यात आला. पुढे १९३६ च्या कराराने निजामाचे सार्वभौमत्व मान्य झाले, त्याच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला आणि ब्रिटिश ध्वजाशेजारी निजामाचाही ध्वज येथे फडकू लागला. एका भूमीवर दोन ध्वज; परंतु कापूस वेचणाऱ्या मजुराला त्यांपैकी एकाविषयीही कोणी विचारले नव्हते. त्याआधीच, नोव्हेंबर १९२७ मध्ये, अमरावतीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यांची परिषद भरली होती आणि अंबादेवी मंदिरप्रवेशाचा प्रश्न तिच्यापुढे होता. ध्वज राजांचे होते. माणूसपणाचा लढा मात्र आपल्या आजोबा-पणजोबांना स्वबळावर लढावा लागला.

२२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने राष्ट्रध्वज स्वीकारला, तेव्हा वेगळा मार्ग निवडला गेला. ध्वज समितीत बाबासाहेब होते. चरख्याच्या जागी सारनाथच्या स्तंभशीर्षावरील २४ आऱ्यांचे चक्र आले. चरखा मागील बाजूने उलटा दिसे, ही त्यामागील एक व्यावहारिक अडचण होती. चक्र दोन्ही बाजूंनी सारखेच दिसते. मला हा गुण केवळ आरेखनाचा वाटत नाही. जमीनदाराच्या आणि भूमिहीनाच्या, दोघांच्याही बाजूने जे सारखे दिसते, तेच सर्वांचे चिन्ह होऊ शकते.

उद्या विदर्भाचा ध्वज रेखाटला गेलाच, तर एखाद्या राजघराण्याचे निशाण, एखाद्या जातीचे दैवत वा तलवार त्यावर नसावी. कपाशीचे बोंड असावे. कारण ते पेरणारा, निंदणारा, वेचणारा आणि गिरणीत सूत कातणारा अशा अनेक हातांतून ते जाते. मात्र बोंड दाखवून त्या हातांना विसरणारा ध्वज नुसते सजावटीचे कापड ठरेल.

१९५५ मध्ये भाषिक राज्यांविषयी लिहिताना बाबासाहेबांनी मराठी मुलखाचे एकाहून अधिक भाग सुचविले होते; मात्र बहुसंख्य जातीच्या वर्चस्वाचा धोकाही स्पष्टपणे दाखविला होता. लहान राज्याचा पुरस्कार करणाऱ्यांनी हा दुसरा भाग वगळू नये. अल्पसंख्य आणि वंचितांच्या संरक्षणाची हमी आधी लिहून घ्यावी, ध्वजाचे रंग मग ठरवावेत.

आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेल्या मुला-मुलींनी या चर्चेत मागे राहू नये. पालकांनीही घरी हा विषय काढावा. कोणताही ध्वज पुढे आला, तर त्याला वंदन करण्यापूर्वी एवढेच विचारावे : याच्या छायेत गावातील शेवटच्या घराला जागा आहे काय?