नऊशे रुपयांची चूक

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत यंत्राचा सुटा भाग केसभर जाड झाला तरी तो परत येतो. परंतु महिनाअखेर कीर्द आणि बँकेचा उतारा यांत फरक निघाला, की तो 'किरकोळ जमेत' ढकलून शिल्लक जुळविण्याचा मोह हिशेबनिसास होतो. ही रीत आम्हांस सर्वथा अमान्य आहे.

फरक म्हणजे चूकच, असे नव्हे. दिलेला धनादेश अद्याप वटला नसेल, तर तो जुळवणी पत्रकात दाखविला म्हणजे झाले. कीर्दीस हात लावू नये. बँकेने कापलेले शुल्क मात्र कीर्दीत लिहिलेच पाहिजे. राहता राहिली आपली चूक. भोसरीच्या एखाद्या मालवाल्यास दिलेला ५,६४० रुपयांचा धनादेश कीर्दीत ६,५४० असा लिहिला गेला, असे समजा. फरक ९०० चा. (शेजारच्या अंकांची अशी अदलाबदल झाली, की फरकास नवाने निःशेष भाग जातो; शोधताना ही खूण फार उपयोगी.) येथे बँकेच्या खाती ९०० रुपये नावे व मालवाल्याच्या खाती जमा करून खाली कारण लिहावे.

मूळ आकडा मात्र पुसू नये. १ एप्रिल २०२३ पासून तर कंपनीच्या संगणकीय हिशेबात प्रत्येक फेरफार तारखेसह नोंदला जावा व ती सोय बंद करता येऊ नये, असा नियमच आहे. कित्येकांस तो जाच वाटतो. आम्हांस वाटत नाही. किरकोळ जमेने बँकेची शिल्लक जुळते खरी, पण मालवाल्याच्या खाती नऊशे रुपये जादा दिलेले दिसतच राहतात, आणि त्या बिचाऱ्याच्या पुढच्या बिलातून ते कापले जातात.