लय आधी देहात

संगीत शिकणाऱ्या मुलाचा कान, कंठ आणि बोटे एवढ्यांचीच आपण तालीम करतो आणि त्याच्या उरलेल्या शरीराने वर्गात निश्चल बसून राहावे अशी अपेक्षा धरतो. ही अपेक्षा इतकी रूढ झाली आहे की तिच्यामागे काही विचार आहे किंवा कसे, याची रुजुवात करण्याची गरजही कोणास वाटत नाही. माझे स्पष्ट मत असे की ही अपेक्षा मुळातच चुकीची आहे, आणि लय हा जो संगीताचा प्राण, तो तिच्यामुळे मुलांना अंकगणिताच्या वेषात भेटतो. मात्रांची संख्या पाठ होते, टाळी-खालीच्या खुणा वहीत बिनचूक उतरतात. परंतु एका मात्रेपासून दुसरीपर्यंत जे अंतर जावे लागते, त्या अंतराला लांबी असते, वजन असते, वेग असतो, हे त्या मुलाला कोणीही कधी अनुभवू दिलेले नसते.

या प्रश्नाला ज्याने आपली सारी हयात वाहिली तो एमिल झाक-दालक्रोझ १८६५ साली व्हिएन्नात स्विस आईबापांच्या पोटी जन्मला. आई संगीतशिक्षिका होती, आणि मुलाने प्रथम अनुभव घ्यावा व नंतर नियम शिकावा या पेस्टालोझीच्या शिक्षणविचाराचा तिच्यावर संस्कार होता. पॅरिसमध्ये लेओ देलीबकडे आणि व्हिएन्नात ब्रुकनरकडे अध्ययन करून, आणि १८८६ च्या सुमारास अल्जिअर्सच्या एका नाट्यगृहात वाद्यवृंदाचा साहाय्यक संचालक म्हणून एक हंगाम काढून, १८९२ साली तो जिनिव्हाच्या संगीत विद्यालयात हार्मनीचा, म्हणजे स्वरमेळशास्त्राचा, अध्यापक म्हणून रुजू झाला. अल्जिअर्सचा तो हंगाम मला त्याच्या चरित्रात विशेष महत्त्वाचा वाटतो; कारण तेथे अरबी संगीतातील विषम मात्रागटांशी त्याची गाठ पडली, आणि युरोपीय संगीतातील दोन, तीन, चारची मोजणी ही लयीची एकमेव व्यवस्था नव्हे, हे त्याला तरुण वयातच उमगले.

विद्यालयात त्याला जे आढळले ते कोणत्याही देशातील संगीतशिक्षकाच्या परिचयाचे आहे. त्याचे विद्यार्थी कागदावर निर्दोष स्वरमेळ लिहीत, पण लिहिलेले त्यांच्या अंतःकर्णाला ऐकू येत नसे. बोटांत चपळाई होती, पण लय ढळली तर ती ढळल्याची जाणीव होत नसे. आणि आश्चर्य असे की हेच विद्यार्थी रस्त्याने चालू लागले म्हणजे त्यांची पावले, कोणी न शिकवता, समान अंतराने पडत. ज्याला वाद्यावर लय सांभाळता येत नाही त्याच्या चालण्यात ती शाबूत आहे, याचा अर्थ लय त्याच्या ठिकाणी नाही असा नसून, शरीरात जी आहे तिचा आणि कानाने जी ऐकली तिचा परस्परांशी व्यवहार होत नाही असा आहे, हे अनुमान दालक्रोझने काढले. आणि तो व्यवहार सुरू करून देणे हेच संगीतशिक्षकाचे पहिले कर्तव्य होय, असे ठरवून त्याने वर्गातील बाके बाजूला सारली. विद्यार्थ्यांना अनवाणी, सैल पोशाखात, दंड उघडे ठेवून चालायला लावणाऱ्या या प्रकाराने त्या काळच्या सभ्य समाजात नापसंती उमटली, आणि विद्यालयाने आपल्या नेमस्त अभ्यासक्रमात त्याला स्थान दिले नाही. मानसशास्त्रज्ञ एदुआर क्लापारेद याने मात्र या प्रयोगांचे मोल ओळखले व त्यांना शास्त्रीय परिभाषेचे बळ दिले. १९०५ साली झोलोटुर्न येथील संगीतशिक्षकांच्या परिषदेत दालक्रोझने आपली पद्धती प्रत्यक्ष करून दाखवली, तेव्हापासून तिचा बोलबाला स्वित्झर्लंडबाहेर होऊ लागला.

ही पद्धती प्रत्यक्षात कशी चालते हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण वरवर पाहणाराला ती मुलांच्या करमणुकीचा एक प्रकार वाटण्याचा संभव आहे. शिक्षक पियानोवर बसतो आणि पूर्वी बांधलेली चीज नव्हे, तर त्या क्षणी सुचेल ते वाजवू लागतो. मुले त्या लयीत चालतात. संगीत दुप्पट झाले की पावले दुप्पट होतात, जड झाले की पाऊल जड पडते, थांबले की जागच्या जागी थिजावे लागते. मग ‘हॉप’ असा इशारा ठरतो. तो कानी पडताच दिशा बदलायची, किंवा जे पायांनी चालले होते ते हातांनी दाखवायचे. त्यापुढची पायरी अशी की हातांनी मात्रागट दाखवायचा आणि पायांनी सुरावटीची लय चालायची, म्हणजे एकाच देहात दोन लयी एकमेकींना न अडखळवता नांदवायच्या. आणि सर्वांत कठीण अभ्यास म्हणजे ज्याला ते कॅनन म्हणतात तो: शिक्षक एक तुकडा वाजवतो, तो विद्यार्थ्याने ऐकायचा; पुढचा तुकडा वाजू लागला की मागचा चालून दाखवायचा, आणि चालत असतानाच जे वाजत आहे ते स्मरणात साठवायचे. ऐकणे, आठवणे आणि करणे या तिन्ही क्रिया येथे एकाच वेळी चालतात. यात करमणूक जरूर आहे, पण तिच्याबरोबर अवधानाची जी तालीम होते, ती खुर्चीवर बसून होईल असे मला वाटत नाही. याच्या जोडीला स्वरज्ञान आणि उत्स्फूर्त वादन ही दोन अंगे त्याने आवश्यक मानली.

याला कोणी कवायत म्हणेल, तर तो मोठाच गैरसमज ठरेल. कवायतीत शरीर हुकूम पाळते. हुकूम आधीच ठाऊक असतो, आणि सर्वांचा हात एकाच कोनात उचलला गेला यातच तिची सार्थकता असते. दालक्रोझच्या वर्गात शरीराला हुकूम नसतो, प्रश्न असतो. पुढच्या क्षणी काय वाजणार हे कोणासही ठाऊक नसते, आणि एकाच सुरावटीला दोन मुलांनी दोन निराळ्या हालचालींनी उत्तर दिले तरी दोघेही बरोबर असू शकतात. म्हणूनच ध्वनिमुद्रित संगीत लावून ही पद्धती चालवता येत नाही. मुलाचे पाऊल चुकले तर ते पाहून वादनाचा वेग सावरणारा, पाऊल साधले तर नवे आव्हान टाकणारा जिवंत वादक त्या खोलीत असावाच लागतो.

या विचाराच्या इतिहासातील सर्वांत तेजस्वी प्रकरण जर्मनीत घडले. ड्रेस्डेनजवळ हेलेराऊ येथे १९०९ साली एका कारखान्याच्या आधाराने एक उद्यान-वसाहत उभी राहिली होती, आणि कामगारांच्या मुलांसह साऱ्या वसाहतीचे जीवन लयबद्ध व्हावे या ध्येयाने भारलेल्या वोल्फ डोर्नने १९१० साली दालक्रोझला तेथे पाचारण केले. हाइनरिश टेसेनोने त्याच्यासाठी बांधलेल्या सभागृहात प्रेक्षक आणि नट यांना विभागणारी रंगमंचाची चौकट नव्हती. भिंती व छत यांवर ताणलेल्या अर्धपारदर्शक कापडामागे हजारो दिवे होते, आणि तो प्रकाश संगीताबरोबर चढत-उतरत असे. आडोल्फ आप्पियाच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या नेपथ्यावर तेथे ग्लुकचे ऑर्फियस सादर झाले. १९१२ आणि १९१३ च्या उत्सवांना युरोपातील कलावंतांची रीघ लागली. बर्नार्ड शॉ आला, दियागिलेव आणि निजिन्स्की येऊन गेले, आणि स्त्राविन्स्कीच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’मधील दुस्तर लयी नर्तकांच्या अंगी उतरवण्यासाठी निजिन्स्कीच्या मदतीला मारी राम्बेर ही दालक्रोझचीच शिष्या नेमली गेली. नृत्याच्या इतिहासात ज्या कृतीने १९१३ साली पॅरिसमध्ये दंगल उसळवली, तिच्यामागे संगीतवर्गातील एक शिक्षिका उभी होती, ही गोष्ट शिक्षणाचा अधिकार किती दूरवर पोहोचतो याची साक्ष देते.

हे सारे फार काळ टिकले नाही. १९१४ च्या फेब्रुवारीत डोर्न बर्फावरील अपघातात मरण पावला. त्याच वर्षी महायुद्ध पेटले, आणि जर्मन तोफांनी रीम्सच्या कॅथीड्रलचा विध्वंस केल्याबद्दल जिनिव्हातून जो निषेध प्रसिद्ध झाला त्यावर दालक्रोझने सही केली. जर्मनीत त्याच्याविरुद्ध क्षोभ उसळला व हेलेराऊचे दरवाजे त्याला बंद झाले. सही करण्याने आपले काय जाईल हे त्याला कळत नसेल असे मानता येत नाही, आणि म्हणून त्या सहीबद्दल मला त्याच्या पद्धतीइतकाच आदर वाटतो. १९१५ साली त्याने जिनिव्हात आपली संस्था स्थापन केली. ती आजही चालू आहे. तो १९५० साली निवर्तला.

अलीकडच्या काळात त्याच्या अनुमानाला प्रयोगशाळेचाही दुजोरा मिळाला आहे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सात महिन्यांच्या बालकांना आघातरहित लय ऐकवताना काहींना दर दुसऱ्या व काहींना दर तिसऱ्या ठोक्यावर झुलवण्यात आले. नंतर ज्याला जसे झुलवले होते त्याने तसाच आघात असलेली लय अधिक वेळ ऐकली, आणि ज्या बालकांनी दुसऱ्याला झुलताना नुसते पाहिले त्यांच्यात हा परिणाम आढळला नाही. जिनिव्हातच पासष्टीपुढील १३४ वृद्धांवर झालेल्या, २०१० च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिने आठवड्यातून एक तास पियानोच्या साथीने दालक्रोझचे अभ्यास करणाऱ्यांचे पडण्याचे प्रमाण इतरांच्या जवळपास निम्म्यावर आले. जेव्हा बोलताही येत नाही त्या वयात, आणि जेव्हा तोल सुटू लागतो त्या वयात, लयीचे काम शरीरच करते.

आता आपल्याकडे पाहावे. ताल हातावर देण्याची आपली परंपरा पुरातन आहे. टाळी आणि खाली या संज्ञाच मुळी हाताच्या क्रियेच्या आहेत, तबलजी वाजवण्यापूर्वी बोल तोंडाने म्हणतो, कथकचा विद्यार्थी पढंत करतो, वारकरी टाळ-मृदंगाबरोबर पावली खेळतो. शाळेत मात्र या संपत्तीची दोन खात्यांत वाटणी झाली आहे: लेझीम शारीरिक शिक्षणाच्या खात्यात गेली आणि ताल हार्मोनियमच्या वर्गात बसून राहिला. लेझीम खेळणारे मूल आपण जे खेळतो तेच संगीत आहे हे जाणत नाही, आणि झपतालाचे बोल घोकणारे मूल त्या तालावर कधी एक पाऊलही टाकत नाही.

झपताल चालून पाहावा असा माझा आग्रह आहे. दहा मात्रा, दोन-तीन-दोन-तीन असे विभाग, पहिल्या, तिसऱ्या आणि आठव्या मात्रेवर टाळी, सहावीवर खाली. टाळीच्या मात्रेवर पाऊल ठामपणे टाकावे, आणि खालीच्या मात्रेवर ते उचलून अधांतरी धरावे, जमिनीला टेकू देऊ नये. दोन आणि तीनच्या गटांमधील विषमता वहीत केवळ संख्येचा भेद म्हणून दिसते. चालताना ती उजव्या-डाव्या पायांची अदलाबदल होऊन बसते, आणि तीनच्या गटानंतर आघाताचा पाय पालटला की मुलाला झपतालाचा डौल कोणी समजावून सांगावा लागत नाही. खाली म्हणजे रिकामी जागा, असे आपण सांगतो. पण अधांतरी धरलेल्या पायाचा भार दुसऱ्या पायावर पेलताना ती जागा रिकामी नसून ताणाने भरलेली आहे, हे मांडीच्या स्नायूंना कळते. आणि रूपकात तर समेवरच खाली येते, तेव्हा आवर्तनाचा आरंभच उचललेल्या पावलाने करावा लागतो. रूपक झपतालाहून इतका निराळा का भासतो, याचे याहून चांगले उत्तर मला ठाऊक नाही.

विलंबित लयीचे काय, असा रास्त आक्षेप येथे येईल. बारा मात्रांचा एकताल ज्या गतीने गायला जातो तिच्यात एक आवर्तन पाऊण-एक मिनिटाचे होते. त्यावर चालणे शक्य नाही. खरे आहे. परंतु काल, अवकाश आणि बल यांचा मेळ हे दालक्रोझचे मूलसूत्र येथेच कामी येते: एक हात शरीराच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत इतक्या संथपणे न्यावा की तो नेमका समेवर पोहोचावा, मध्ये घाई केली तर पुढे रेंगाळावे लागेल, आधी रेंगाळले तर शेवटी धावावे लागेल. समेवर येणे म्हणजे काय हे ज्या मुलाने असे एकदा आपल्या दंडात अनुभवले, त्याला पुढे ख्याल ऐकताना मात्रा मोजत बसण्याचे कारण पडणार नाही.

याकरिता काय हवे? खर्चाची व जागेची अडचण पुढे केली जाईल, म्हणून सांगतो: प्राथमिक शाळेच्या पहिल्या दोन इयत्तांत संगीताच्या तासाला बाके हलवून मोकळी केलेली एक खोली पुरे, ती नसल्यास पटांगण पुरे, पाठ्यपुस्तक नको, हार्मोनियमही नको. हवा तो मुलांच्या पायांकडे पाहून वाजवणारा वादक. येथेच आपली स्थिती जिनिव्हापेक्षा अनुकूल आहे, कारण गावोगावच्या भजनी मंडळांत मृदंग-पखवाज वाजवणारी माणसे आहेत; भजनकऱ्यांची लय चढली की तिच्याबरोबर चढणे आणि ती सावरून धरणे हे त्यांच्या रोजच्या सरावाचे काम आहे. दालक्रोझला असे शिक्षक वर्षानुवर्षे खपून तयार करावे लागले. शिक्षण खात्याने या वादकांना शिक्षणाच्या पदविकेची अट न घालता मानधनावर शाळेत येण्याची मुभा द्यावी, वर्गशिक्षकाने त्यांच्यासोबत उभे राहावे, आणि संगीताच्या परीक्षांतून ताल लिहून दाखवण्याचा प्रश्न निदान पहिल्या पातळीवर रद्द करून, परीक्षकाने अनोळखी ठेका धरावा व मुलाने तो चालून दाखवावा असा नियम करावा. जिल्हा परिषदेच्या थोड्या शाळांतून एक वर्ष हे करून पाहण्यास कोणत्याही मोठ्या तरतुदीची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती एका मंजुरीची, आणि तो तास चालू असताना वर्गातून पावलांचा आवाज आला तरी दार लावून न घेणाऱ्या मुख्याध्यापकाची.