परक्या बंदरातून निघताना

नौकेवर कोणती साधने असावीत, हे कोणी ठरवावे? तिच्या धन्याने, की ती ज्या बंदरात उभी आहे तेथील सरकारने? न्यूझीलंडमध्ये हा वाद न्यायालयापर्यंत गेला. तेथील १९९४ च्या कायद्यानुसार, नौका व तिच्यावरील साधने प्रवासास पुरेशी आहेत अशी अधिकाऱ्यांची खात्री पटल्यावाचून तिला परदेशी निघता येत नसे. माल्टा देशात नोंदलेली शिडाची नौका घेऊन एक अनुभवी नाविक बिनतारी यंत्र आणि संकटात आपले ठिकाण कळविणारे यंत्र न घेताच निघून गेला. तो दोषी ठरला. परंतु १९९८ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरविला. परक्या ध्वजाच्या नौकेने खुल्या समुद्रावर काय बाळगावे, हे बंदराच्या देशाने आपल्या एकट्याच्या मर्जीने ठरवू नये, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

मला हे योग्य वाटते. प्रत्येक बंदराने आपली निराळी यादी पुढे केली, तर दहा देश हिंडणाऱ्या नाविकाने करावे तरी काय?

तथापि, अधिकारी उगाच छळतात असे म्हणणेही अन्यायाचे होईल. जून १९९४ मध्ये न्यूझीलंड व टोंगा यांच्या दरम्यान भयंकर वादळ झाले. २१ जणांना वाचविण्यात आले. ३ जण समुद्रात नाहीसे झाले. त्या खवळलेल्या समुद्रावर विमाने व जहाजे शोध घेत होती. शोधास ज्यांना जावे लागते, त्यांनी 'तुम्ही कोठे आहात, हे आम्हांस कसे कळावे?' असे विचारले, तर त्यात उद्धटपणा कोणता? न्यूझीलंडमध्ये नोंदलेल्या नौकांना तर या प्रश्नाचे उत्तर आजही निघण्यापूर्वीच द्यावे लागते.