थंडीतले चाकांवरचे घर

मे महिन्याची सुट्टी म्हणजे उन्हाळा, हे समीकरण मराठी मनात इतके पक्के बसले आहे की, न्यूझीलंडची तिकिटे काढणाऱ्या कुटुंबाला आपण हिवाळ्याच्या उंबरठ्यावर जात आहोत याचे भान पुष्कळदा तिकडे उतरल्यावरच येते. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे. जूनमध्ये क्वीन्सटाऊनला सकाळी आठ वाजून गेल्यावर सूर्य दिसतो आणि सायंकाळी पाचच्या सुमारास मावळतोही. रात्री पारा शून्याखाली उतरतो. अशा दिवसांत कॅम्परव्हॅन, म्हणजे निजण्याची, रांधण्याची आणि शौचाची सोय असलेली मोटार, भाड्याने घेऊन दक्षिण बेट पालथे घालावे, असा बेत एखादे मध्यमवर्गीय कुटुंब करते तेव्हा त्याचे हिशेब सरळ असतात. वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने धावतात. हिवाळ्यात गाडीचे भाडे कमी. हॉटेलचा खर्च वाचतो, आणि मुख्य म्हणजे वरणभाताचा कुकर आपल्या हाती राहतो! आजी-आजोबांनाही बरोबर नेता येते. मग हरकत कसली?

हरकत कुणाचीच नसावी. परंतु हा प्रवास ज्या वृत्तीने करावा लागतो, ती वृत्ती आपल्याकडच्या पर्यटनाने फारशी जोपासलेली नाही. सात दिवसांत अकरा ठिकाणे, प्रत्येक ठिकाणी छायाचित्र आणि रात्री गाढ झोप, हा आपला शिरस्ता. हिवाळ्यातला डोंगरी रस्ता असल्या वेळापत्रकाला भीक घालत नाही.

ते आनाऊ गावापासून मिलफर्ड साउंडपर्यंतचा सुमारे 120 किलोमीटरचा रस्ता हे याचे उत्तम उदाहरण. कड्यांच्या पोटातून खोदलेल्या, सव्वा किलोमीटरच्या आसपास लांबीच्या होमर बोगद्यातून तो जातो. दोन्ही बाजूंच्या कड्यांवर साचलेले हिम केव्हा कोसळेल याचा नेम नसतो. 1983 साली याच रस्त्याची देखरेख करणारा एक पर्यवेक्षक हिमप्रपातात मृत्युमुखी पडला. त्यानंतर तेथे हिमप्रपातावर नजर ठेवणारी कायमची यंत्रणा उभी राहिली. धोका वाढला की रस्ता बंद होतो. साचलेले हिम मुद्दाम स्फोट करून पाडले जाते आणि मग वाट पुन्हा मोकळी होते. चाकांना बांधायच्या साखळ्या बरोबर हव्यात, असा फलक लागला की त्या नसलेल्या प्रवाशाने मुकाट्याने मागे फिरायचे. ‘इतक्या लांबून आलो आहोत’ या सबबीला तेथे किंमत नाही, आणि नसावीच. गाडीत सत्तरी ओलांडलेली माणसे आणि लहान मुले असताना, परतीचे विमान दोन दिवसांवर आले असताना, ‘आज मिलफर्ड नाही’ असे म्हणणारा कुटुंबप्रमुख घरच्यांच्या नाराजीचा धनी होतो. पण खरा कर्ता तोच. काळा बर्फ, म्हणजे डांबरावर गोठलेला पारदर्शक पापुद्रा, डोळ्यांना दिसत नाही. सावलीतल्या वळणावर तो दुपारपर्यंत टिकतो. म्हणून उजाडल्यानंतर तासाभराने निघावे आणि चारच्या आत मुक्कामी पोहोचावे, एवढाच दिवस हाताशी धरून आखणी केली पाहिजे.

मुक्कामाचीही काही शास्त्रे आहेत. चार माणसांचा श्वास बंद डब्यात रात्रभर साठला की सकाळी काचांवरून पाणी ओघळते आणि अंथरुणे दमट होतात. म्हणून कितीही थंडी असली तरी झरोका किंचित उघडा ठेवावा लागतो. ऊब हवी म्हणून गॅसची शेगडी पेटवून ठेवणे हा तर आत्मघात होय. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. गॅसचीही गंमत अशी की, ब्यूटेन शून्याच्या आसपास वायुरूप होणेच थांबवतो, तर प्रोपेन उणे 42 अंशांपर्यंत साथ देतो. म्हणून थंड प्रदेशात प्रोपेन वापरतात. डिझेल थंडीत मेणासारखे गोठते, हे लडाखच्या वाहनचालकांना कुणी शिकवावे लागत नाही. इंडियन ऑइलने 2019 साली त्यांच्यासाठी उणे 33 अंशांपर्यंत न गोठणारे हिवाळी डिझेल आणले, त्यामागे कैक वर्षांची हीच पीडा होती.

मात्र या घराची खरी परीक्षा त्याच्या शौचपेटीशी होते. न्यूझीलंडमध्ये सांडपाणी आणि मैला गाडीतच साठवायचा आणि ठरवून दिलेल्या केंद्रावर नेऊन रिकामा करायचा असतो. 2011 मध्ये तेथे उघड्यावर मुक्काम करण्यासंबंधी कायदा झाला. 2023 मध्ये तो अधिक कडक झाला आणि स्वयंपूर्ण म्हणवणाऱ्या गाडीत पक्के बसवलेले शौचालय आवश्यक ठरले. नियम मोडणाऱ्याला शेकडो डॉलरांचा दंड होतो. पहाटेच्या कडाक्यात ती पेटी हाती धरून केंद्राकडे जाणारा आपला सुशिक्षित पगारदार गृहस्थ आयुष्यात प्रथमच स्वतःच्या कुटुंबाची घाण स्वतः वाहतो. यात लाजण्यासारखे काय आहे? उलट, घरात हे काम पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या कुणाच्या तरी माथी मारले गेले, याची जाणीव त्या दहा मिनिटांत जितकी होते, तितकी दहा व्याख्यानांनी होणार नाही.

आता आपल्या दाराशी पाहू. महाराष्ट्र शासनाने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. कॅराव्हॅन आणि त्या उभ्या करण्याची उद्याने, दोहोंचा विचार त्यात आहे, हे स्वागतार्हच. आपल्या हवेत या प्रवासाचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा ना हिमाचा धोका ना साखळ्यांची कटकट. भंडारदऱ्याच्या काठी वा कोकणच्या किनाऱ्यावर गुलाबी थंडीत असे घर उभे राहावे, हे चित्र मोहक आहे. परंतु वर्षअखेरीच्या रात्रीनंतर कोणत्याही लोकप्रिय जलाशयाचा काठ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना पुढचा प्रश्न विचारावाच लागेल. या गाड्यांच्या टाक्या रिकाम्या कुठे होणार? प्रत्येक तालुक्यात एखाद्या आगाराला किंवा पेट्रोलपंपाला जोडून मैला स्वीकारणारे केंद्र नसेल, तर ती टाकी रात्रीच्या अंधारात ओढ्यात रिकामी होईल, आणि त्याच ओढ्याच्या खालच्या अंगाला गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर असेल. गाड्यांना परवाने देण्यापूर्वी या केंद्रांची यादी प्रत्येक जिल्ह्याने जाहीर करावी, आणि यादी कोरी असेल तर त्या जिल्ह्यातले परवाने थांबवावेत.