हिरवा सॉस आणि आपलं सोवळं

गेल्या आठवड्यात आमच्या टीममधला एक पोरगा तीन महिन्यांचं ऑनसाइट उरकून फ्रँकफर्टहून परत आला. चॉकलेटं वाटून झाली, फोटो दाखवून झाले आणि मग ठरलेली टेप सुरू झाली. "बाकी सगळं मस्त हो, पण खायचे हाल! व्हेज लोकांना काही मिळतच नाही तिकडे."

मी विचारलं, मग खाल्लंस काय? सकाळी पोहे, दुपारी डब्यात खिचडी, रात्री मॅगी. शुक्रवारी स्टेशनाजवळच्या इंडियन हॉटेलात पनीर. टीमवाल्यांनी कधी जेवायला बोलावलं नाही? "बोलावलं की दोनदा. पण ते दारू पिणार, डुक्कर खाणार. आपण तिथे जाऊन काय करायचं?"

हे असलं ऐकलं की माझं डोकं फिरतं. आणि जास्त फिरतं ते यासाठी, की 2008 साली त्याच गावात मीही अगदी हेच केलं होतं.

माझ्यासोबत एक म्हातारा प्रोग्रामर होता. पंचवीसेक वर्षं तीच एक सिस्टीम सांभाळलेला. दर गुरुवारी संध्याकाळी त्यांचं टोळकं माइन नदीपलीकडे झाक्सनहाउझनमध्ये आप्फेलवाइनच्या जुन्या खानावळीत जायचं. त्याने मला तीनदा विचारलं. मी तीनदा थापा मारल्या: डोकं दुखतंय, घरी फोन करायचाय, उपास आहे. चौथ्यांदा त्याने विचारलं नाही. जर्मन माणूस 'नाही' म्हणजे 'नाही' समजतो. आपल्यासारखा "अहो, चला हो" असा आग्रह करत बसत नाही.

शेवटच्या महिन्यात मॅनेजरने मला जवळजवळ ओढून नेलं. लांबलचक लाकडी बाकं, टेबलं सामायिक, शेजारी अनोळखी माणसं. मधोमध निळ्या नक्षीचा राखाडी मातीचा जाडजूड जग, त्याला बेंबेल म्हणतात. त्यातून सफरचंदाची आंबट वाइन चौकटी-चौकटीच्या काचेच्या ग्लासात ओतायची. मी सफरचंदाचा रस आणि सोडा मागवला. आकाश कोसळलं नाही. कोणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

बोलता बोलता मी एका रात्रीच्या बॅच जॉबबद्दल रडलो. महिनाभर मी त्याच्यामागे लागलो होतो, डॉक्युमेंटमध्ये एक अक्षर नव्हतं. म्हाताऱ्याने ग्लासखालचा पुठ्ठा उलटा केला, पेन काढलं आणि दहा मिनिटांत अख्खा फ्लो काढून दाखवला. टेबलावरच्या सगळ्यांना ते माहीत होतं. माहीत नव्हतं फक्त मला, कारण दर गुरुवारी मी खोलीवर कुकरच्या शिट्ट्या मोजत होतो. पुढच्याच महिन्यात तो रिटायर झाला. सहा महिन्यांत मला त्याच्यासोबत दोन संध्याकाळी मिळाल्या. वीस मिळू शकल्या असत्या.

आता एकेक सबब घेऊ.

सबब पहिली: व्हेज मिळत नाही. त्या खानावळीत मी जे खाल्लं त्याचं नाव ग्र्यूने झोस, म्हणजे हिरवा सॉस. फ्रँकफर्टचा अभिमानाचा पदार्थ. सात ताजे पाले बारीक चिरून आंबट दह्या-सायीत कालवायचे, सोबत उकडलेले बटाटे आणि अंडी. अंडं चालत नसेल तर बाजूला ठेवा. त्या सात पाल्यांत पार्स्ली आहे, आपल्या चुक्याची चुलत बहीण आहे, पातीच्या कांद्याचं भावंड आहे. आणि चक्क अळीव आहे! आपण ज्याच्या बियांचे लाडू बाळंतिणीला देतो, त्याच झाडाचा कोवळा पाला. आपल्या कोल्हापुरी गुळाला आहे तसं भौगोलिक मानांकन या सॉसलाही 2016 पासून आहे. दुसरा पदार्थ हँडकेझ: आंबवलेल्या दुधाचं वासकट चीज, वर व्हिनेगर, कच्चा कांदा, शहाजिरे. याला 'संगीतासह' म्हणतात. संगीत कांद्यामुळे नंतर वाजतं, कुठे ते विचारू नका. :-)

सबब दुसरी: तिथे दारू असते. असते की. पण जर्मनीच्या उपाहारगृह कायद्यात सहावं कलमच आहे: किमान एक बिनदारूचं पेय असं ठेवायचं, की ते सगळ्यात स्वस्त दारूपेक्षा महाग नसेल. न पिणाऱ्याची सोय तिथे कायद्याने केली आहे. तुमच्या ग्लासात काय आहे याची चौकशी फक्त आपलीच मंडळी करतात.

सबब तिसरी: खर्च. ही मला पटते. घराचे हप्ते असतात, बहिणीचं लग्न असतं, भत्त्यातूनच शिल्लक टाकायची असते. पण रोज कोण जा म्हणतंय? पंधरा दिवसांतून एकदा जा. आणि तिथे बिल कोणाच्या अंगावर पडत नाही. वेटर स्वतःच विचारतो, एकत्र की वेगवेगळं? कॉलेजातलं आपलं टीटीएमएम तिथे रीतसर चालतं.

सबब चौथी: वेटर खेकसतात. अहो, तुम्ही पुण्याचे ना? 'दुपारी 1 ते 4 बंद' वाचत मोठे झालात आणि फ्रँकफर्टच्या वेटरने मान हलवली म्हणून अपमान वाटतो?

हे सगळं बाजूला ठेवलं की उरतं काय? माझ्या मते सोवळं. शाकाहार वेगळा आणि सोवळं वेगळं. ताटात काय आहे हा शाकाहाराचा प्रश्न, शेजारी कोण बसलंय हा सोवळ्याचा. मांस न खाणं हा तुमचा हक्क आहे, मीही आजतागायत खात नाही. पण मांस खाणाऱ्याच्या शेजारी बसणारच नाही, हे काय आहे? पुण्यात गायकवाडवाड्यात श्रीधरपंत टिळकांनी सहभोजन घडवलं ते 1928 साली. एका पंक्तीला बसणं म्हणजे समोरच्याला बरोबरीचा मानणं, हे त्यांना कळत होतं. आणि आपण, लॅपटॉपवाले, आजही पंगत चुकवतो आणि वर त्याला 'ऍडजस्ट होत नाही' असं गोंडस नाव देतो.

मान्य आहे, प्रत्येक टेबल आपली वाट बघत नसतं. मलाही एकदा एका गावातल्या खानावळीत सगळं टेबल गप्प होऊन बघत राहिलं होतं. तो घास गोड लागला नाही. पण तो दोष त्या टेबलाचा. ज्या टेबलाने तीनदा बोलावलं, तिथे मी गेलो नाही, तो दोष माझाच.

तर त्या पोराला मी इतकंच सांगितलं. पुढच्या खेपेला बॅगेतली चार पाकिटं कमी कर आणि एक वाक्य पाठ करून जा: "इस्ट हिअर नोख फ्राय?" इथे जागा आहे का? भरलेल्या बाकाजवळ जाऊन एवढंच विचारायचं. बहुतेक वेळा लोक सरकून जागा देतात.

तो म्हणाला, "बघू." म्हणजे जाणार नाही. :-(

असो. तुमच्यापैकी कोणी जाणार असेल तर अंडी बाजूला ठेवा, पण बाकावर बसा.